सात महिन्यांत तीनदा गळलेला शॉकअप: खानापूर भागातल्या एका ट्रेल गाडीचं प्रकरण

गाडी 200 सीसीची. पुढे 21 इंची चाक, 37 मिलिमीटर जाडीच्या पाईपांचे साधे टेलिस्कोपिक शॉकअप, 190 मिलिमीटर प्रवास (खालीवर होण्याचं अंतर), दोन्ही पाईपांवर रबरी बूट. रोजचा रस्ता बेळगाव जिल्ह्यातला, खानापूर ते जांबोटी, आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी पुढे कणकुंबीपर्यंत, आणि अधूनमधून वाड्यावस्त्यांच्या कच्च्या वाटा. पावसाळ्यात या पट्ट्यात पाणी किती पडतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको, आणि तांबड्या मातीचा चिखल एकदा रबराखाली शिरला की वाळून विटेसारखा घट्ट होतो.

तक्रार एका ओळीची होती. डावा शॉकअप तेल गाळतोय. पावसाळा संपताना पहिल्यांदा गळाला तेव्हा एका गॅरेजमध्ये सील बदललं, ते पाच आठवडे टिकलं. मग दुसऱ्या ठिकाणी दुसरं सील बसलं, ते अकरा दिवस. दोन्हीकडे उत्तर एकच मिळालं: "सीलच डुप्लिकेट येतंय मालक, कंपनीचं घाला." नंतर काही महिने गाडी बहुतेक उभीच राहिली आणि एप्रिलमध्ये काम घरच्या अंगणात, वेळ घेऊन करायचं ठरलं.

ही गळती अंगावर काढण्यासारखी नव्हती, कारण ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, याच शॉकअपवर आहे. सीलमधून उतरलेलं तेल बॉटमवरून (पाईप ज्यात खालीवर होतो त्या खालच्या जाड नळीवरून) ओघळत कॅलिपरपर्यंत येतं, तिथून डिस्कवर. चोर्ला घाटाच्या उतारावर पुढच्या ब्रेकला तेल लागलेलं असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायची गरज नाही. डिस्कवर तेलाचा डाग दिसला की गाडी चालवणं थांबवायचं. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून साफ होते, पॅडमध्ये मुरलेलं तेल निघत नाही. पॅड टाकून द्यावे लागतात.

गाडी खोलण्याआधी

बूट वर सरकवला, पाईप आणि बॉटमची कड कोरडी पुसली, पुढचा ब्रेक दाबून धरून हँडलवर भार देत शॉकअप दहा वेळा खालीवर केले. उजवा पाईप कोरडा. डाव्या पाईपावर तेल आलं, पण सगळीकडून नाही. पाठीमागच्या बाजूला एकच उभी रेघ, करंगळीच्या निम्म्या रुंदीची.

ही रेघ या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. सीलचा ओठ झिजला असेल किंवा त्याच्याखाली सगळीकडे घाण असेल, तर पाईपाभोवती तेलाचं पूर्ण कडं उमटतं. एकाच जागी रेघ उमटते तेव्हा एकतर सीलचा ओठ त्या जागी फाटलाय किंवा पाईपावर त्या रेषेत काहीतरी आहे.

घाणीची शक्यता आधी संपवली. ते स्वस्तातलं काम आहे आणि कितीतरी गळत्या तेवढ्यावर थांबतात. जुन्या एक्स-रे फिल्मची दोन बोटं रुंद पट्टी कापायची, टोकाला कात्रीने गळासारखी छोटी खाच पाडायची. डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं सील) पेचकसाने हलकेच उचलून वर सरकवायचं, पट्टी पाईपाला चिकटवून तेलाच्या सीलच्या ओठाखाली सारायची आणि पाईपाभोवती पूर्ण फिरवून बाहेर ओढायची. खाचेत अडकून घाण बाहेर येते. इथे गेरूसारखा तांबडा लगदा आला. गळती थांबली, आणि चार दिवसांनी पुन्हा सुरू झाली. त्याच जागी, तीच रेघ.

मालकाच्या मोबाईलमध्ये पहिल्या गळतीचा, बूट वर करून काढलेला फोटो होता. त्यातही रेघ मागच्याच बाजूला. दोन सील बदलून झाली तरी रेघ जागची हलली नाही, म्हणजे दोष सीलमध्ये नाही. पण दोनदा खोलताना पाईप टीमध्ये (हँडलखाली पाईप धरून ठेवणाऱ्या पकडीत) थोडा तरी फिरायला हवा होता, तो कसा फिरला नाही? विचारपूस केल्यावर उलगडलं. दोन्ही ठिकाणी पाईप गाडीवरून उतरवलेच नव्हते. चाक काढून, खालचा ॲलन बोल्ट सोडून फक्त बॉटम खाली ओढून घेतला होता. हा शॉर्टकट सगळीकडे चालतो, अर्ध्या तासात सील बदलून होतं. पण पाईप टीमध्येच लटकत राहतो, वरून बूट खाली सरकतो आणि त्या पाईपाकडे कुणीच बघत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर आयुष्य काढलेल्या शेजारच्या काकांनी गाडी न बघताच हे ताडलं होतं. "काका, दोनदा सील बदलून पण गळतंय," म्हटल्यावर त्यांचा प्रश्न एवढाच: "सीलचं राहू दे रे. पाईप काढून बघिटलास काय?" हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात रॉड न तपासता नवं सील घालणं कुणी मान्य करत नाही. मोटरसायकलचा शॉकअप म्हणजे वेगळं काही नाही, रॉड तोच, सील तेच, तेलही तसंच.

खोलण्याचा क्रम

क्रम चुकला तर साधं काम दिवसभराचं होतं, म्हणून इथे घाई नको. गाडीला मेन स्टँड नव्हता. इंजिनखालच्या पत्र्याखाली फळी आणि चारचाकीचा कैचीजॅक लावला, मागच्या कॅरियरवर सिमेंटचं अर्धं पोतं ठेवलं. पुढचं चाक चार बोटं उचललं गेलं की पुरे.

चाक काढण्याआधी एक काम उरकून घ्यायचं असतं. वरच्या टीचा बोल्ट सैल करायचा, खालच्या टीचा घट्टच ठेवायचा, आणि पाईपाच्या डोक्यावरचं झाकण अर्धा आटा सैल करायचं. वरची टी आवळलेली असताना झाकणाला जोर लावला तर टी पाईपाला दाबून आटे पकडून ठेवते आणि झाकणाचे कोपरे गोल होतात. पाईप गाडीवरून उतरवल्यावर हेच झाकण सोडायचं तर पाईप धरायला तिसरा हात लागतो.

मग कॅलिपर काढून तारेने टांगला, नळीवर लोंबकळत ठेवला नाही. पॅडच्या मध्ये लाकडाची चपटी चीप घातली, चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून. चाक, मडगार्ड आणि त्याची पट्टी उतरवली. पाईपांवर मार्करने डावा-उजवा लिहिलं, डाव्यावर मागची दिशा दाखवणारी बारीक रेघ टीलगत काढली आणि मगच खालची टी सोडून दोन्ही शॉकअप खाली ओढले.

बॉटमच्या तळाचा ॲलन बोल्ट हा घरच्या कामातला खरा अडथळा. हा बोल्ट आतल्या डॅम्पर रॉडमध्ये, म्हणजे शॉकअपची उसळी आवरणाऱ्या पोकळ दांड्यात, बसतो. स्प्रिंग काढल्यावर रॉडला धरणारं काही उरत नाही, मग चावी फिरवली की बोल्टाबरोबर रॉडही फिरतो. म्हणून झाकण आणि स्प्रिंग जागेवर असतानाच शॉकअप जमिनीवरच्या फळीवर तिरका दाबून धरायचा आणि बोल्ट फक्त पाव आटा सैल करून सोडून द्यायचा. स्प्रिंगचा दाब रॉडला खाली धरून ठेवतो. उजव्याचा बोल्ट असा सुटला. डाव्याचा सुटला नाही, कारण आधीच्या कामात तो बेसुमार आवळलेला होता. त्यासाठी नंतर जुन्या फावड्याचा लाकडी दांडा टोकाला चौकोनी निमुळता तासून वरून पाईपात घातला, रॉडच्या तोंडात ठोकून बसवला, एकाने दांडा धरला आणि दुसऱ्याने चावी फिरवली. ॲलन चावीचं टोक झिजलेलं असेल तर ती या बोल्टाला लावायची नाही. बोल्टाचं षटकोनी भोक एकदा गोल झालं की ड्रिल करण्यावाचून मार्ग राहत नाही.

झाकण पूर्ण काढताना तळहाताने वरून दाब ठेवायचा. शेवटचा आटा सुटताना स्प्रिंग ते वर उडवते, त्या वेळी तोंड त्यावर ओणवं नसावं. स्पेसर, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने निघतात तशीच वर्तमानपत्रावर मांडून फोटो काढून ठेवावा. काही स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला जवळजवळ असतात, ते टोक वर की खाली हे गाडीगणिक बदलतं. या प्रकारच्या पुढच्या शॉकअपात गॅस भरलेला नसतो, त्यामुळे स्प्रिंगचा दाब उतरल्यावर आत धोका काही उरत नाही. मागचा मोनोशॉक मात्र घरी उघडायच्या भानगडीत पडू नये, त्यात बऱ्याचदा दाबाने नायट्रोजन भरलेला असतो.

दोन्ही शॉकअप वेगवेगळ्या घमेल्यांत उलटे करून दहा-बारा वेळा पंप केले आणि तासभर तसेच निथळत ठेवले.

आत काय निघालं

डाव्यातून उजव्यापेक्षा 70 मिलिलिटर तेल कमी निघालं. ऐकायला हे थोडं वाटतं. पाईपाचा आतला व्यास 33 मिलिमीटर धरला तर 10 मिलिमीटर उंचीत साधारण साडेआठ मिलिलिटर तेल मावतं. म्हणजे 70 मिलिलिटरची तूट ही तेलाच्या पातळीत आठ सेंटिमीटरहून जास्तीची घट आहे. तेलावर उरलेली हवा ही दुसरी स्प्रिंगच असते. शॉकअप जितका आत जातो तितकी ती हवा दाबली जाते आणि शेवटच्या टप्प्यात भार उचलते. तेल कमी झालं की हवेची जागा वाढते, ही दुसरी स्प्रिंग मऊ पडते आणि शॉकअप तळाला आपटतो. "खड्ड्यात डावीकडून ठक्‌ आवाज येतो" ही मालकाची दुसरी तक्रार इथे आपोआप सुटली.

रंगातही फरक होता. उजव्यातलं तेल मळकं पण पातळ, डाव्यातलं काळपट आणि घट्ट, वासाला सरळ इंजिन ऑइल. कुणीतरी 20डब्ल्यू-40 ओतून पातळी भरून काढली होती. 10डब्ल्यूच्या फोर्क ऑइलपेक्षा (पुढच्या शॉकअपच्या तेलापेक्षा) ते साधारण तिप्पट घट्ट असतं. डॅम्पर रॉडच्या बारीक भोकांतून घट्ट तेल सावकाश जातं, मग एका खड्ड्यातून शॉकअप वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि चाक हळूहळू दबलेल्याच स्थितीत धावू लागतं. एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला घट्ट तेल असेल तर दोन्ही शॉकअप एकमेकांशी भांडत चालतात.

डाव्याचं सील काढलं तेव्हा तिसरी गोष्ट दिसली. मापं बरोबर होती, पण ते फोर्कचं सील नव्हतंच. फिरत्या शाफ्टचं, पंप किंवा गिअरबॉक्सला बसतं ते सील होतं. सीलवर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हे तीन आकडे सांगितले की जुळणारं सील काउंटरवर येतं, आणि ते बसतंही. पण शाफ्टच्या सीलचा ओठ एका जागी फिरणाऱ्या दांड्यासाठी घडवलेला असतो. फोर्कच्या सीलला दर सेकंदाला खालीवर घसरणारा, चिखल लागलेला पाईप पुसायचा असतो, त्याच्या ओठाची ठेवण वेगळी. त्यामुळे तीन आकड्यांबरोबर "मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचं" हे तीन शब्दही सांगायचे. ते म्हणताना संकोच करू नये.

अकरा दिवसांत गळण्याचं कारण तिथे मिळालं. पण पहिलं, योग्य प्रकारचं सील पाच आठवड्यांतच का गेलं, ते अजून बाकी होतं.

पाईप डिझेलने धुऊन, कोरडा करून उन्हात धरला. डोळ्याला काही दिसलं नाही. मग कापसाचा बोळा सैल हाताने पाईपावरून लांबीच्या दिशेने ओढला, थोडा थोडा फिरवत. मागच्या बाजूच्या खुणेच्या रेषेत, गाडीवर डस्ट सील जिथे टेकतं त्याच्या चार सेंटिमीटर वर, कापसाचे दोन तंतू अडकून राहिले. तिथे नख फिरवलं तर टक्‌ करून लागलं. भिंगातून पाहिलं तर खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा, तळाला तपकिरी गंज, आणि कडेला क्रोमची उचकटलेली धार. ती धार चाकूचं काम करत होती.

जागा बघा. मोकळ्या उभ्या गाडीत हा खड्डा सीलच्या बाहेर आहे. माणूस बसला की या वर्गातली गाडी पुढून साधारण पाच सेंटिमीटर दबते, म्हणजे बसल्याबरोबर खड्डा सीलच्या आत. चालताना प्रत्येक धक्क्याला तो ओठावरून दोनदा जातो, जाताना रबर तासतो आणि बाहेर येताना स्वतःत भरलेलं तेल घेऊन येतो. दिवसातून हजारो वेळा. जगातलं कुठलंही सील त्यापुढे टिकणार नाही, कंपनीचं असो वा डुप्लिकेट.

खड्डा त्याच जागी का पडला, याचं उत्तर बुटात होतं. बुटाच्या तळाला मागच्या बाजूस पाणी आणि हवा जायला बारीक छिद्र ठेवलेलं असतं. ते छिद्र वाळलेल्या तांबड्या चिखलाने पक्कं बुजलं होतं आणि आतल्या बाजूने चिखलाचा लाडवाएवढा गोळा पाईपाला चिकटून बसला होता. पाईप वाचावा म्हणून घातलेल्या बुटाने पावसाळाभर पाईपाला ओला पोटीस बांधून ठेवला होता. कणकुंबीच्या पावसात छिद्र बुजलेला बूट असण्यापेक्षा बूट नसलेला बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाईपाची दुरुस्ती

आधी सरळपणा. पाईप जाड काचेवर गडगडवला आणि मागे बॅटरी धरली. उजेडाची फट फिरताना कमीजास्त झाली नाही. वाकलेला पाईप असेल तर पुढचं सगळं काम व्यर्थ. डायल गेज मिळाला तर उत्तम, बऱ्याच मॅन्युअलांत वाकाची मर्यादा 0.2 मिलिमीटर दिलेली असते.

खड्डा भरण्याची रीत अशी. बारीक तेलदगडाने फक्त उचकटलेली धार बसवायची, आजूबाजूच्या क्रोमला हात लावायचा नाही, कारण तो थर मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो आणि एकदा गेला की तिथे पुढच्या पावसात गंज. सुईने तळाचा गंज खरवडून काढायचा. मेडिकलमधल्या स्पिरिटने दोनतीनदा पुसायचं, तेलाचा अंश राहिला तर भरलेलं निघून येतं. मग दोन ट्यूबांचं अराल्डाइट, तेही सावकाश घट्ट होणारं, पाच मिनिटांत वाळणारं नको. टाचणीच्या टोकाने ते खड्ड्यात तळापासून भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, वर किंचित उंचवटा ठेवायचा आणि 24 तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी नव्या ब्लेडने उंचवटा छाटला. 1000, 1500 आणि 2000 नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून, खोडरबरावर गुंडाळून, पाईपाच्या घेराच्या दिशेने घासला. लांबीच्या दिशेने कधीच नाही, उभे ओरखडे म्हणजे तेलाला बाहेर यायला पडलेले पाटच. शेवटी ब्रासो. नख सरळ निघून गेलं, कापूसही.

हा उपाय एकट्यादुकट्या खसखशीएवढ्या खड्ड्यापुरता. खड्ड्यांची रांग असेल किंवा क्रोम पापुद्र्यासारखं सुटत असेल तर नवा पाईप घ्यावा किंवा हार्डक्रोम करावं. हायड्रॉलिक आणि फाउंड्रीच्या कामासाठी बेळगावचं नाव आहे, रॉड हार्डक्रोम करून ग्राइंड करणारे कारागीर इथे मिळतात. पाईप देताना नुसतं "क्रोम मारून द्या" म्हणू नये. जुना थर उतरवणं, नवा चढवणं आणि मूळ 37 मिलिमीटर मापावर ग्राइंड करणं, या तीनही गोष्टी सांगाव्यात आणि दुसऱ्या बाजूचा चांगला पाईप नमुना म्हणून सोबत न्यावा. ग्राइंड न केलेला पाईप जाड राहतो आणि बॉटममध्ये अडकतो.

डाव्या बॉटममध्ये सीलच्या बैठकीवर पेचकसाचा एक उभा ओरखडाही होता, आधीच्या कुणाच्या तरी हातचा. तो 1000 च्या कागदाने हलका केला. सील उपसताना बॉटमच्या कडेवर लाकडाचा तुकडा ठेवूनच टायर लिव्हर टेकवावा आणि आधी बॉटमवर कढत पाणी ओतावं. ॲल्युमिनियम फुगतं, सील निम्म्या जोरात निघतं.

जोडणी

सील दोन्ही बाजूंची नवी, जोडीनेच. पाईपाच्या वरच्या तोंडाला धार असते, तिच्यावरून सील तसंच सरकवलं तर पहिल्याच क्षणी ओठ कापला जातो. तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून बसवली, तिला फोर्क ऑइल चोळलं आणि क्रमाने वॉशर, तेलाचं सील, लॉक (सील जागेवर धरणारी तारेची कडी) आणि डस्ट सील पाईपावर उतरवलं. सीलची अक्षरं वर, बारीक स्प्रिंग असलेलं तोंड तेलाकडे. रॉडच्या खालच्या टोकाची टोपी विसरायची नाही, ती बऱ्याचदा बॉटमच्या तळाशी चिकटून राहते आणि धुताना घरंगळून हरवते. तळाच्या बोल्टाला तांब्याचा नवा वॉशर आणि मध्यम ताकदीचं लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावलं. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, या वर्गात तो बहुधा 20 ते 25 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो.

सील ठोकायला महागडा ड्रायव्हर आणला नाही. जुनं सील एका बाजूने कापून नव्यावर ठेवलं आणि पाईपावरून सैल उतरणाऱ्या पीव्हीसी नळीच्या तुकड्याने हलके ठोके दिले. जुनं सील कापलेलं असलं की ते नंतर सहज निघतं. ठोक्याचा आवाज भदभद येत असतो तो टणक होतो, तेव्हा सील तळाला टेकलं. तरीही लॉकची खाच सगळ्या बाजूंनी पूर्ण मोकळी दिसते का ते बघायचंच. एका बाजूला खाच अर्धी झाकलेली असेल तर सील तिरकं आहे.

तेल दोन्हीकडे एकाच डब्यातलं, 10डब्ल्यू. डब्यावरच्या "डब्ल्यू"च्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, एका कंपनीचं 10डब्ल्यू दुसरीच्या 7.5 सारखं पातळ निघतं. तुलना करायचीच असेल तर 40 अंश सेल्सिअसला दिलेला सेंटिस्टोक्सचा, म्हणजे घट्टपणाचा, आकडा बघावा. एका लिटरात दोन्ही शॉकअप भरून थोडं उरलं.

मिलिलिटर मोजून ओतणं ही सुरुवात, खरं माप उंचीचं. कारण आत भिंतींना चिकटून किती जुनं तेल राहिलंय ते कुणाला मोजता येत नाही. तेल ओतून डॅम्पर सावकाश आठदहा वेळा पंप केला, बुडबुडे थांबेपर्यंत दहा मिनिटं ठेवला. मग स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला आणि ओळंब्यात उभा, अशा स्थितीत पाईपाच्या वरच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून 50 मिलिलिटरची सिरिंज आणली, तिला सलाईनची नळी लावली, नळीवर मॅन्युअलातल्या अंतराच्या खुणेला चिकटपट्टी गुंडाळली. तेल मुद्दाम थोडं जास्त भरलं, चिकटपट्टी पाईपाच्या तोंडाशी धरून सिरिंज ओढली. नळीत हवा आली की पातळी अचूक. दोन्ही शॉकअप मिलिमीटरात सारखे होतात, आणि सारखे असणं फार महत्त्वाचं.

गाडीवर चढवताना

डावा पाईप टीमध्ये पाव फेरा फिरवून बसवला, भरलेला खड्डा मागून बाहेरच्या बाजूला आणला. ब्रेक मारताना आणि खड्ड्यात पाईप पुढेमागे वाकायला बघतो, सीलवरचा दाबही पुढे आणि मागेच जास्त असतो. बाजूला तुलनेने आराम असतो.

पाईप दोन्ही बाजूंना टीच्या वर सारख्याच उंचीला आले की टीचे बोल्ट, मग झाकण. एक्सलच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. एक्सलचा नट आवळल्यावर लगेच बॉटमचा पिंच बोल्ट (एक्सलला बॉटममध्ये पकडून धरणारा) आवळला जातो, बॉटम एक्सलवर जिथे असेल तिथेच पकडला जातो आणि दोन्ही शॉकअप आत किंवा बाहेर तिरके ओढलेले राहतात. मग शॉकअप अडखळत चालतो आणि सील एका बाजूने झिजतं. नट आवळून, कॅलिपर बसवून, गाडी जमिनीवर घेऊन, पुढचा ब्रेक धरून पाचसहा वेळा शॉकअप दाबायचे. बॉटम आपली जागा स्वतः शोधतो. पिंच बोल्ट त्यानंतर.

आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करायचा. चीप काढताना पॅड मागे सरकलेले असतात. पहिला लिव्हर रिकामा जातो, तो अंगणातच जावा.

दोन्ही शॉकअपमधलं मिळून निघालेलं जुनं तेल झाकणाच्या डब्यात भरून, जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला दिलं. इकडे वाळवीसाठी खांबाला किंवा सरळ ओढ्याच्या कडेला ओतायची सवय आहे. कणकुंबीत उगम पावलेली मलप्रभा खानापुरावरूनच पुढे जाते आणि इथले ओढे तिलाच मिळतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

नंतरच्या नोंदी

माणूस बसल्यावरचा दब 52 मिलिमीटर भरला. 190 चा चौथा हिस्सा ते तीस टक्के, म्हणजे 48 ते 57 मिलिमीटर, ही ट्रेल गाडीला ठीक मर्यादा. पाईपाला केबल टाय सैल बांधून जांबोटीचा फेरा मारला, टाय 160 मिलिमीटरवर थांबला. आधी तो दर वेळी थेट वरपर्यंत ढकलला जात होता.

50 किलोमीटरला टिश्यू कागद फिरवून बघितला, 300 ला पुन्हा. पाईपावर बोटाला जेमतेम जाणवेल असा तेलाचा पुसट थर असतो, तो असायलाच हवा, सील त्यावरच घसरतं. रेघ नव्हती. बुटांच्या तळाची छिद्रं तापवलेल्या दाभणाने थोडी मोठी केली. धुतल्यावर बूट वर सरकवून पाईप पुसायचा आणि गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर पाईपावर सिलिकॉन स्प्रेचा हात फिरवायचा, एवढं मालकाने ठरवलं. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर सरळ मारणं बंद केलं.

जून-जुलैचा पाऊस डाव्या शॉकअपने कोरडा काढला. ऑगस्टमध्ये बूट उचलून बघितलं तेव्हा अराल्डाइटची ती ठिपकी जागेवर होती, नखाला लागत नव्हती. उजव्या पाईपावर मात्र मागच्या बाजूला, जवळपास तेवढ्याच उंचीवर, क्रोमला दोन निस्तेज ठिपके दिसले. कापूस अजून अडकत नाही. त्या बाजूचं छिद्रही एप्रिलमध्ये बुजलेलंच सापडलं होतं. जागा मार्करने खुणावून ठेवली आहे आणि दिवाळीच्या सुमाराला तो पाईप पुन्हा कापूस लावून बघायचा आहे.